इटलीत द्राक्षाच्या हंगामाचं काम: एजंट साडेसात लाख मागतोय, कागद खरे की खोटे कसं ओळखायचं?

निफाडकर_बाग

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २७, बारावी पास, द्राक्षबागेतलं सगळं काम येतं: छाटणी, फेलफूट काढणं, विरळणी, डिपिंग, पॅकिंग. एक एजंट म्हणतो, सप्टेंबरच्या तोडणीला इटलीत पाठवतो. नऊ महिन्यांचा हंगामी व्हिसा, 'पुढे तो आपोआप दोन वर्षांचा होतो.' एकूण साडेसात लाख. दीड लाख आणि मूळ पासपोर्ट आत्ता द्यायचा, बाकीचे व्हिसा लागल्यावर. 'नुल्ला ओस्ता' नावाचा कागद दोन आठवड्यांत येईल म्हणतो.

आज जूनची १० तारीख. सप्टेंबरपर्यंत हे खरंच होऊ शकतं का? हा व्हिसा नेमका कसा मिळतो, अर्ज कोण करतं, आणि साडेसात लाख हा रेट बरोबर आहे का? गावातले दोघंतिघं पैसे भरायच्या तयारीत आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगा.

कागदी_घोडा

आधी क्रम समजून घ्या, म्हणजे एजंटच्या बोलण्यात कुठं पाणी आहे ते आपोआप दिसेल.

इटलीत बाहेरच्या कामगारांसाठी सरकार दरवर्षी कोटा ठरवतं. त्या निर्णयाला 'देक्रेतो फ्लुस्सी' म्हणतात. २०२६ ते २०२८ या तीन वर्षांसाठी मिळून ४,९७,५५० जागा जाहीर झाल्या आहेत. त्यातल्या २०२६ च्या हंगामी जागा ८८,०००. त्यात शेती आणि हॉटेल-पर्यटन दोन्ही आलं, आणि भारतासकट अनेक देशांचे लोक आले. भारत आणि इटली यांच्यात २ नोव्हेंबर २०२३ ला स्थलांतराचा करार झाला. त्यात भारतीयांसाठी हंगामी कामाच्या राखीव जागा २०२३ साठी ३,०००, २०२४ साठी ४,००० आणि २०२५ साठी ५,००० अशा ठरल्या होत्या. म्हणजे दार उघडं आहे, यात खोटं काही नाही.

पण अर्ज तुमचा भाऊ करू शकत नाही, आणि भारतातला एजंटही करू शकत नाही. अर्ज करतो इटलीतला मालक. गृहखात्याच्या पोर्टलवर, स्वतःच्या डिजिटल ओळखीनं, किंवा शेतकरी संघटनेमार्फत (कोल्दिरेत्ती, कोन्फाग्रिकोल्तुरा वगैरे). शेतीतल्या हंगामी कामाचे अर्ज यंदा १२ जानेवारी २०२६ ला सकाळी ९ वाजता सुरू झाले. त्याआधी फॉर्म भरून ठेवायची मुदत २३ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर २०२५ होती. या दिवसाला तिकडं 'क्लिक डे' म्हणतात, कारण ज्याचं बटण आधी दाबलं गेलं त्याला आधी जागा. आपल्या तत्काळ तिकिटासारखं.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: मालकानं अर्ज कोणत्या तारखेला भरला, आणि पोर्टलची पोच कुठं आहे? जानेवारीत अर्ज गेला असेल तर त्यावर भावाचं नाव आणि पासपोर्ट नंबर असणारच, कारण अर्ज नावानिशी असतो. तुम्ही जूनपर्यंत पासपोर्टच दिला नसेल, तर तो अर्ज तुमच्या भावाचा नाही. कोटा शिल्लक राहिला तर वर्षअखेरपर्यंत नवे अर्ज घेतात हे खरं, पण मग पोच आजच्या आसपासची हवी. 'जागा आमच्याकडं शिल्लक आहेत, नाव नंतर टाकू' असं म्हणत असेल तर तिथंच विषय संपवा. एकाच्या नावाची मंजुरी दुसऱ्याला लावता येत नाही.

अर्ज गेला की तो जिल्ह्याच्या प्रेफेत्तुरात, तिथल्या 'स्पोर्तेल्लो उनिको' या खिडकीकडं जातो. ही साधारण आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयासारखी जागा. तिथं पोलीस आणि कामगार खातं तपासणी करतं: मालकाची उलाढाल, शेताला खरोखर किती माणसं लागतात, राहायची सोय आहे का. मग नुल्ला ओस्ता, म्हणजे कामाची मंजुरी. हंगामी अर्जाला कायद्यात २० दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात जिल्ह्या-जिल्ह्यावर आहे, काही ठिकाणी महिनेच्या महिने जातात. दोन आठवड्यांची हमी इटलीतला मालकसुद्धा देऊ शकत नाही.

मंजुरी ऑनलाइन थेट मुंबईच्या इटालियन वकिलातीत दिसते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज तिकडंच जातात, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रातून. मंजुरीची मुदत सहा महिने, तेवढ्यात व्हिसाचा अर्ज करायचा. आणि एक नवीन अडसर आहे जो एजंट सांगत नाहीत: २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला, त्यानंतर व्हिसा देण्याआधी मालकाला पुन्हा विचारतात की हा माणूस तुम्हाला अजून हवाय का? त्यानं ठराविक दिवसांत पोर्टलवर 'हो' म्हटलं नाही तर मंजुरीच रद्द. कागदावरचे मालक इथंच गळतात.

'आपोआप दोन वर्षांचा' ही शुद्ध थाप. हंगामी परवाना १२ महिन्यांत जास्तीत जास्त ९ महिन्यांचा. पक्क्या नोकरीत बदलता येतो, पण त्याला अटी आहेत, त्यावर कुणी लिहिलं नाही तर नंतर लिहितो.

तासगाव_ते_बारी

वरच्या प्रतिसादात कागदांचं आलंय, मी कामाचं आणि पैशाचं लिहितो.

एजंट 'इटली' म्हणतो, पण इटलीत कुठं? वाइनच्या द्राक्षाची तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि ती एकेका ठिकाणी काही आठवड्यांतच उरकते. तेवढ्यासाठी नऊ महिन्यांचा करार कुणी देत नाही. आपल्या नाशिक-सांगलीच्या माणसाला खरं ओळखीचं काम आहे ते दक्षिणेला पुल्या भागात. बारीच्या आसपास रुतिल्यानो, नोइकात्तारो ही गावं खायच्या द्राक्षाची. तिथं वेली मंडपावर असतात, त्याला 'तेंदोने' म्हणतात. वर प्लॅस्टिक. मे-जूनला पानं काढणं आणि घडांची विरळणी, जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तोडणी आणि पॅकिंग. हात वर धरून दिवसभर काम, आणि प्लॅस्टिकखाली उकाडा मरणाचा. २०१५ च्या जुलैत अंद्रियाजवळ अशाच मंडपाखाली विरळणी करताना पाओला क्लेमेंते ही इटालियन मजूर बाई दगावली. त्या प्रकरणानंतर २०१६ साली मुकादमीविरुद्धचा कायदा क्रमांक १९९ कडक झाला.

इतर हंगाम असे: सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबर, उत्तरेला त्रेन्तिनोकडं. पीच, सफरचंद, किवी सालुत्सोच्या बाजूला. लातिना भागात भाजीपाला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात किवी. फोज्याला टोमॅटो जुलै ते सप्टेंबर. पो नदीच्या खोऱ्यात पंजाबी लोक मोठ्या संख्येनं आहेत, पण ते गोठ्यावरचं काम, बारमाही, त्याचा कोटा वेगळा.

आता हिशेब. शेतमजुरीचा करार देशपातळीवर एक आणि दर जिल्ह्यावार वेगळे. आठवडा ३९ तासांचा, दिवसाला साडेसहा तास, सहा दिवस. महिना १६९ तास धरतात. समजा तासाला ८ युरो ठरले. १६९ × ८ = १,३५२ युरो. त्यातून मजुराचा विम्याचा वाटा ८.८४ टक्के, म्हणजे जवळपास १२० युरो गेले. थोडा प्राप्तिकर. हातात १,२०० च्या आत-बाहेर. खोली वाटून घेतली, स्वतः रांधून खाल्लं, फोन-बस धरून ४०० युरो खर्च. उरले ८००. युरो शंभर रुपये धरा, म्हणजे ८० हजार.

हंगाम पाच महिने मिळाला तर चार लाख. पूर्ण नऊ महिने एक दिवसही खाडा न होता मिळाला तरी सात लाख वीस हजार. आणि खाडे होतातच: करार तासावर असतो, पाऊस पडला की तेवढे तास गेले. सुट्ट्यांचा पगार, बोनस वगैरे वेगळं मिळत नाही, त्याबदल्यात ३०.४४ टक्के रक्कम तासाच्या दरातच धरलेली असते. ऑफर लेटरवर 'प्लस बोनस' लिहिलंय म्हणून हरखून जाऊ नका.

म्हणजे साडेसात लाख देऊन गेलेला माणूस कायदेशीर राहून ते फेडूच शकत नाही. हे एजंटलाही माहीत असतं. मग होतं काय, तर मुदत संपल्यावर तिथंच लपून राहणं आणि ज्या मुकादमानं काम दिलं त्याच्या दरानं राबणं. ऊसतोडीच्या उचलीचं गणित ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लातिनाजवळ जून २०२४ मध्ये सतनाम सिंग या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला आणि त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून देण्यात आलं, त्यात तो गेला. त्याच्याकडं कामाचे कागद नव्हते.

परवाना_तपास

भारताच्या बाजूचं सांगतो, कारण तुमचे पैसे इथंच अडकणार आहेत, तिकडं नाही.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, जिल्हा-राज्यावार शोधता येते. बेकायदा म्हणून तक्रार असलेल्यांची वेगळी यादीही आहे. नाव नुसतं यादीत असून भागत नाही. नोंदणीची मुदत चालू आहे का ते बघा, आणि पत्ता तोच आहे का तेही. दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापणारे भरपूर आहेत. यादीतला फोन नंबर घेऊन तिकडं विचारा, 'अमुक माणूस तुमचा का?' अर्धा निकाल एका फोनमध्ये लागतो. 'आम्ही फक्त व्हिसा कन्सल्टंट' म्हणून जे नोंदणीची गरजच नाही म्हणतात, त्यांनी नोकरी मिळवून द्यायचे पैसे घ्यायला सुरुवात केली की ती भरतीच झाली.

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. साडेसात लाखांपैकी उरलेले सात लाख चौदा हजार सहाशे कशाचे, ते लेखी मागा. देणार नाही.

रास्त खर्च किती येतो तेही लिहितो. इटलीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ११६ युरो, वर व्हीएफएसचं सेवाशुल्क. तिथं गेल्यावर राहण्याच्या परवान्याचे ११६.४६ युरो. विमान एकेरी ४०-५० हजार धरा. एजंटची कायदेशीर फी धरूनही सगळं मिळून लाखाच्या आसपास बसतं.

काहीजण 'एमिग्रेशन क्लिअरन्स काढून देतो' म्हणून आणखी १०-१५ हजार उकळतात. ती मंजुरी लागते ती आखाती देश, मलेशिया वगैरे ठराविक १८ देशांसाठी, आणि तीही ईसीआर (म्हणजे 'ही मंजुरी लागेल' अशा वर्गातल्या) पासपोर्टवाल्यांना. इटली त्या यादीत नाही. शिवाय भाऊ बारावी आहे, त्याचा पासपोर्ट मुळात ईसीआर नसायलाच हवा.

मूळ पासपोर्ट देऊ नका. रंगीत स्कॅन द्या. ११ जानेवारी २०२५ पासून इटलीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसालाही बोटांचे ठसे लागतात, म्हणजे भावाला व्हीएफएसच्या खिडकीवर स्वतः जावंच लागणार. पासपोर्ट त्याच्याच हातानं तिथं जमा होईल आणि पावतीही त्याच्याच हातात येईल. मधल्या काळात तो एजंटच्या कपाटात असण्याचं कारण एकच, तुम्ही दुसरीकडं जाऊ नये.

निफाडकर_बाग

मोठे उपकार झाले. काल एजंटला अर्जाची तारीख विचारली तर आज त्यानं व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. म्हणतो हाच नुल्ला ओस्ता, 'दुसऱ्या एका क्लायंटचा आहे, तुमचाही असाच येईल.' इटालियनमध्ये दोन पानं आहेत. असा कागद उद्या भावाच्या नावानं आला तर खरा की खोटा कसा बघायचा? आणि भावाच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात त्याचं आणि वडिलांचं दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळं. त्याचा काही त्रास?

कागदी_घोडा

नावाचा प्रश्न फार योग्य विचारलात. महाराष्ट्रातल्या अर्जात हमखास गोची होते ती इथं.

समजा पासपोर्टवर आडनाव 'शिंदे' आणि नावाच्या रकान्यात 'अमोल ज्ञानदेव' आहे. इटलीच्या दृष्टीनं माणसाचं नाव 'अमोल ज्ञानदेव' आहे, वडिलांचं नाव ही वेगळी गोष्ट त्यांना कळत नाही. मालकानं फॉर्मवर नुसतं 'अमोल शिंदे' टाकलं की मंजुरी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो. वकिलात फाइल परत पाठवते, प्रेफेत्तुराकडून दुरुस्ती आणावी लागते, आणि त्यात हंगाम निघून जातो. म्हणून मालकाला पासपोर्टचं पहिलं पानच पाठवायचं आणि 'खाली मशीनच्या दोन ओळींत आहे तसंच टाका' असं सांगायचं.

हे तपासायला 'कोदिचे फिस्काले' कामाला येतो, म्हणजे त्यांचा १६ अक्षरी कर क्रमांक. तो मनाला येईल तसा नसतो, नाव-जन्मतारखेवरून ठराविक नियमानं बनतो, त्यामुळे घरी बसून पडताळता येतो. पहिली तीन अक्षरं आडनावातल्या इंग्रजी व्यंजनांची: शिंदेचं 'एसएचएन'. पुढची तीन नावातली. नावात चार किंवा जास्त व्यंजनं असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. तीनपेक्षा कमी असतील तर स्वर घालून भरतात. नुसत्या 'अमोल'चं होतं 'एमएलए', आणि 'अमोल ज्ञानदेव'चं 'एमडीएन'. पुढं जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर (जानेवारी ए, जून एच, ऑगस्ट एम, डिसेंबर टी), मग तारीख. बाईमाणूस असेल तर तारखेत ४० मिळवतात. त्यानंतर जन्मदेशाचा कोड, भारताचा 'झेड२२२'. शेवटचं एक अक्षर पडताळणीचं.

म्हणजे १५ ऑगस्ट १९९८ ला जन्मलेल्या अमोल ज्ञानदेव शिंदेचा क्रमांक 'एसएचएन एमडीएन ९८एम१५ झेड२२२' आणि वर एक अक्षर असाच हवा. कागदावर 'एमएलए' दिसलं तर वडिलांचं नाव गाळलंय. 'झेड२२२'च्या जागी भलतंच काही दिसलं तर कागद दुसऱ्या देशाच्या माणसाचा आहे आणि वर नाव चिकटवलंय. एजंटनं पाठवलेल्या त्या 'क्लायंट'च्या कागदावर आजच हा प्रयोग करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, मालक खरा आहे का. कंपनीचा 'पार्तिता इवा' नंबर ११ आकडी असतो, आपल्या जीएसटी नंबरसारखा. इटलीच्या कर खात्याच्या म्हणजे आजेंत्सिया देल्ले एन्त्रातेच्या साइटवर तो फुकट टाकून बघता येतो: चालू आहे की बंद, कुणाच्या नावावर. चालू असेल तर उद्योग नोंदणीच्या साइटवरून थोडे युरो भरून उतारा काढा. त्यात धंदा कोणता, कधी सुरू झाला, पत्ता काय हे येतं. द्राक्षं तोडायला बोलावणारी कंपनी बांधकामाची निघाली, किंवा गेल्या सहा महिन्यांत स्थापन झालेली निघाली, तर सावध. मग कंपनीचा फोन नंबर एजंटकडून न घेता स्वतः शोधा आणि फोन करा. आपल्या वेळेनुसार दुपारी एक-दीडला करा, तिकडं सध्या सकाळचे साडेनऊ-दहा असतात.

तिसरं, प्रेफेत्तुराला ईमेल. मंजुरीवर प्रेफेत्तुराचं नाव आणि अर्जाचा क्रमांक असतो. त्यांचे पत्ते सरकारी साइटवर आहेत. फक्त त्यांची बरीचशी अधिकृत खाती ही नोंदणीकृत मेलचीच असतात, साधी मेल तिथं उघडत नाही. म्हणून साध्या मेलचा पत्ता शोधून त्यावर पाठवा: पासपोर्ट क्रमांक, अर्ज क्रमांक, एकच ओळीचा प्रश्न. उत्तर येईलच असं नाही. आलं तर सोन्याहून पिवळं.

आणि हेही लक्षात ठेवा की कागद पूर्ण खरा असूनही मालक खोटा असू शकतो. काम्पानिया भागातून अर्जांचा असा काही पाऊस पडला की पंतप्रधान मेलोनी यांनी जून २०२४ मध्ये स्वतः माफियाविरोधी सरकारी वकिलांकडं तक्रार दिली. मंजुरी निघायची, व्हिसा लागायचा, माणूस पोहोचायचा आणि करार करायला मालकच नसायचा. म्हणून मंजुरी तपासण्याइतकंच मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं महत्त्वाचं. शेत दाखवा म्हणावं, राहायची खोली दाखवा म्हणावं. ज्याला माणसाची गरज आहे तो दाखवतो.

वेस्ट_मिडलंड्स_मराठी

विषय इटलीचा आहे, पण ब्रिटनचाही हंगामी शेती व्हिसा आहे आणि तिथली रचना कामगाराला जास्त समजण्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात. २०२६ साठी फळं-भाज्या-फुलं यांना ४१,००० आणि कोंबडी प्रक्रियेला १,९०० जागा. शेतकरी थेट बोलावू शकत नाही. सरकारनं नेमलेल्या मोजक्या ऑपरेटर संस्थाच प्रायोजक होतात आणि त्यांची नावं ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहेत. उमेदवाराकडून काम मिळवून देण्याचे पैसे घेणं तिथं बेकायदा. ऑपरेटरसाठी भारतात भरती करणाऱ्यालासुद्धा त्यांच्या सरकारी खात्याचा परवाना लागतो, त्याची यादी खुली आहे.

मुक्काम सहा महिन्यांचा. आठवड्याला किमान ३२ तासांचा पगार द्यावाच लागतो, मग पाऊस पडो नाहीतर पीक बुडो. फळतोडणी उक्त्या दरावर चालते, म्हणजे किलोमागे पैसे, पण तासाचा किमान दर भरून निघाला पाहिजे: एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात तो १२.२१ पौंड होता, दर एप्रिलला बदलतो. फार्मवरच्या कॅरव्हॅनचं भाडं दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंतच किमान वेतनात धरता येत होतं, हाही त्याच वर्षीचा आकडा. व्हिसा फी २०२५ मध्ये ३१९ पौंड होती.

अडचण एकच. कोणत्या देशातून माणसं घ्यायची ते ऑपरेटर ठरवतात. सध्या भर किरगिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान या देशांवर आहे. भारतीयांना बंदी नाही, पण जागा थोड्या. ऑपरेटरच्याच साइटवर नोंदणी करा, मधल्या माणसाला एक रुपया देऊ नका.

निफाडकर_बाग

त्या पीडीएफवर प्रयोग केला. देशाच्या कोडाच्या जागी 'झेड२४९' आहे. बाकी समजून गेलो.

यंदाचा नाद सोडला. पण पुढच्या वर्षी सरळ मार्गानं करायचं म्हटलं तर मालक शोधायचा कसा? आणि पोहोचल्यावर पहिल्या दिवसांत काय काय करायचं असतं?

तासगाव_ते_बारी

आत्तापासूनच सुरुवात करायला हवी. क्लिक डे जानेवारीत असला तरी फॉर्म शरद ऋतूत भरले जातात, म्हणजे मालकाशी सप्टेंबरपर्यंत पक्कं झालेलं हवं. खायची द्राक्षं निर्यात करणाऱ्या कंपन्या आणि सहकारी संस्था शोधा, त्या साइटवर 'आमच्याबरोबर काम करा' असा विभाग ठेवतात. एक पानाचा बायोडेटा इटालियनमध्ये करा: मंडप आणि वाय पद्धतीचा अनुभव, किती एकर, कोणते वाण, छाटणी येते का, ट्रॅक्टर-ब्लोअर चालवता येतो का. क्रिमसन, रेड ग्लोब, थॉम्पसन ही नावं त्यांना कळतात. नुसतं 'शेतमजूर' लिहिलं तर कुणी विचारत नाही, विरळणी आणि छाटणीच्या हाताला किंमत आहे. हंगामी व्हिसाला भाषेची परीक्षा नाही, पण फोनवर शंभर-दोनशे शब्द बोलता आले तर मालकाला मधला माणूस लागत नाही, आणि तोच तर टाळायचाय.

मालक मिळाला तर त्याला आणखी एक गोष्ट सांगा: ज्यानं मागच्या पाच वर्षांत एकदा हंगामी काम केलं आणि मुदतीत परत आला, त्याला पुढच्या वेळी प्राधान्य असतं, आणि तीन वर्षांपर्यंतची एकत्रित मंजुरी मागता येते. त्यालाही दरवर्षी नवा माणूस शिकवण्यापेक्षा हे परवडतं.

कागदी_घोडा

पोहोचल्यावरचं. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला का बघायचं, त्या तारखेपासून सगळं मोजतात. पहिल्या आठवड्यातच मालकाबरोबर राहण्या-कामाच्या करारावर सही झाली पाहिजे. मालक टाळाटाळ करू लागला तर वाट बघत बसू नका, जवळच्या 'पात्रोनातो'त जा. कामगार संघटनांची ही मदत केंद्रं असतात, फॉर्म भरायला मदत करतात. मालकच बेपत्ता असेल तर तसं प्रेफेत्तुराला त्यांच्याकडून लेखी कळवून घ्या. तारखेचा तो पुरावा पुढं उपयोगी पडतो, नाहीतर दोष तुमच्याच माथी येतो.

करारानंतर परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून. ११६.४६ युरोंची फोड अशी: मुद्रांक १६, टपाल ३०, कार्ड ३०.४६, सरकारी शुल्क ४०. मिळालेली पावती जपून ठेवा, कार्ड येईपर्यंत तोच परवाना.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मालकानं 'उनिलाव' नावाची नोंद सरकारकडं करायची असते. त्याची प्रत मागा. मग दर महिन्याला 'बुस्ता पागा', म्हणजे पगारपत्रक. त्यातले दिवस मोजा. इटलीतली सगळ्यात रुळलेली चलाखी म्हणजे २६ दिवस राबवून घ्यायचं आणि पत्रकावर ८ दाखवायचे, उरलेले पैसे हातात कमी दरानं. त्यानं आज चार पैसे कमी मिळतात एवढंच नाही. परवाना पक्क्या नोकरीत बदलायला किमान तीन महिने हंगामी काम झालेलं लागतं, आणि शेतीत ते महिन्याला सरासरी १३ दिवस, म्हणजे तीन महिन्यांत ३९ दिवस असं मोजतात. पत्रकावर २४ दिवस असतील तर अर्ज बाद. २०२४ च्या बदलानंतर हे रूपांतर कोट्याबाहेर झालंय, म्हणजे कुणी पक्की नोकरी द्यायला तयार असेल तर क्लिक डेची वाट बघावी लागत नाही. एजंट 'आपोआप' म्हणतात ते बहुधा हेच.

खोलीचं भाडं मालक घेऊ शकतो, पण पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही, आणि परस्पर पगारातून कापता येत नाही. भाडं वेगळं द्यायचं, पावती घ्यायची. रोज शेतावर नेण्याचे पाच-सात युरो मागणारा, पासपोर्ट 'सांभाळायला' घेणारा, पगार स्वतःच्या हातानं वाटणारा मध्यस्थ दिसला की तो मुकादम. त्याच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या मजुराला २०२४ च्या कायद्यात वेगळा सहा महिन्यांचा परवाना ठेवलाय, पुढं वाढवता येतो.

परवाना_तपास

त्या पीडीएफचं आणि व्हॉट्सॲपच्या बोलण्याचं स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट डिलीट करू नका. ज्या दोघातिघांनी पैसे भरायचे ठरवलंय त्यांना आज दाखवा. कुणी रोख दिले असतील तर 'पैसे मिळाले ना?' असा मेसेज टाकून त्याचं उत्तर लेखी घेऊन ठेवा. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार देता येते, त्याची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाला आणि ई-मायग्रेटवर. पोलिसांना अर्जात उत्प्रवास कायद्याचा उल्लेख करा, नाहीतर 'पैशाचा आपसातला वाद' म्हणून परत पाठवतात.

निफाडकर_बाग

एकानं पन्नास हजार रोख दिलेत. त्याला घेऊन उद्या सकाळी जातो ठाण्यात.

परवाना_तपास

आधी तो मेसेज टाकून उत्तर येऊ द्या. मग जा.